प्रतिसाद: ब्लॅकहॉकला दुसरं सिलिंडर
वर विचारलंय की रुगर कंपनीच्या .३५७ मॅग्नम ब्लॅकहॉक रिव्हॉल्वरला ९ एमएमचं जादा सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) असावं का. भरपूर सराव करायचा असेल तर जरूर. इथे अमेरिकेत ९ एमएमची काडतुसं मॅग्नमपेक्षा बरीच स्वस्त पडतात. नळी ०.३५७ इंचाची आणि ९ एमएमची गोळी ०.३५५ ची, त्यामुळे नेम जरा सैल पडू शकतो. रिकामे डबे पाडायला चालतंय की!

पण सुटं सिलिंडर ऑनलाइन मागवून बसवू नका. ते त्याच बंदुकीला जुळवलेलं लागतं. नुसतं आत बसलं म्हणजे खाना (सिलिंडरातली काडतुसाची जागा) नळीच्या रेषेत आला असं होत नाही.

माझी रिव्हॉल्वर रुगर सिंगल-सिक्स, .२२ लाँग रायफल आणि .२२ मॅग्नम अशा दोन काडतुसांसाठी दोन सिलिंडरवाली. अदलाबदल सोपी: गेट (काडतुसं भरायची बाजूची झडप) उघडा, सगळे खाने रिकामे आहेत ना बघा, सिलिंडर ज्यावर फिरतं ती पिन ओढा, सिलिंडर उजवीकडून बाहेर. मात्र लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या सिलिंडरात घालू नका. जातं सहज, पण खाना रुंद असल्यामुळे टरफल फाटू शकतं. आणि १९७३ च्या आधी बनलेली असेल, कंपनीकडून सुधारून घेतलेली नसेल, तर सहापैकी पाचच खाने भरा, घोडा (हॅमर) रिकाम्या खान्यावर ठेवा.