मदत हवी आहे: घरी लिनक्स टाकल्यापासून नेट बंद (तातडीचं आहे)

शेवंती | बुधवार, ३० जानेवारी २००८, संध्या. ५:४०

नमस्कार मंडळी. आमच्या घरच्या संगणकावर व्हायरसने उच्छाद मांडला होता, म्हणून भाच्याने रविवारी विंडोज एक्सपी पुसून उबुंटू नावाचं लिनक्स टाकून दिलं. तेव्हापासून नेट लागत नाही. एक्सपीत अगदी व्यवस्थित चालू होतं. नेटचं फोनवर सांगतो म्हणाला आणि सोमवारी बंगळूरला नव्या नोकरीवर रुजू झाला, आता फोन उचलत नाही. मला येत्या सोमवारी सकाळपर्यंत एक भाषांतर मेलने पाठवायचं आहे. काय करू? गाणीसुद्धा लागत नाहीत, पण ते राहू दे.

लवकर सांगा. कर्वेनगरातल्या एका कॅफेतून लिहितेय, अर्ध्या तासाचे दहा रुपये घेतो आणि पंखा लावत नाही.

खिडकीबंद | ५:५२

उबुंटूची आवृत्ती कोणती? ब्रॉडबँड की डायलअप? मोडेम कोणतं? 'लागत नाही' म्हणजे नेमकं काय होतं? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं वाटत नाही' म्हणून गप्प बसता का?

नारायणपेठी | ५:५५

एक्सपी परत टाका. तासाभराचं काम. फुकटच्या वस्तूला नावं ठेवू नयेत, पण घरात बायकामाणसांना वापरायचं तर हे नसते उद्योग कशाला?

मुळामुठा | ५:५८

गाणी लागत नाहीत कारण एमपी३वर पेटंट आहे. उबुंटूवाले त्याचा कोडेक, म्हणजे ती गाणी वाजवणारा तुकडा, सीडीत देत नाहीत, नंतर आपण उतरवून घ्यायचा. सिनॅप्टिक उघडा, रेपॉझिटरीत 'युनिव्हर्स' आणि 'मल्टिव्हर्स' समोर खूण करा, मग 'जीस्ट्रीमर' शोधून त्यातलं 'अग्ली' नावाचं पॅकेज टाका. नाव खरंच तेच आहे. पाच मिनिटांत गाणी सुरू.

खिडकीबंद | ६:०१

@मुळामुठा, आणि ते उतरवायला नेट कुठून आणायचं?

शेवंती | ६:०५

@नारायणपेठी, घरातली बायकामाणसं हे तुमचं वाचताहेत.

आवृत्ती ७.१. ब्रॉडबँड आहे. मोडेम काळं, डबीएवढं, त्यावर चार दिवे, तीन लागतात. एक्सपीत डेस्कटॉपवर एक चित्र होतं, त्यावर टिचकी मारली की नाव आणि पासवर्ड विचारून जोडलं जायचं. ते चित्रच आता नाहीये. वेळ संपली, उद्या बघते.

खिडकीबंद | ६:२०

७.१ नव्हे, ७.१०. वर्ष आणि महिना, म्हणजे २००७ चा ऑक्टोबर. दशांश नाहीये तो.

डेस्कटॉपवर चित्र होतं म्हणजे मोडेम ब्रिज मोडमध्ये आहे, फोन लावायचं काम संगणक करत होता. सोपं आहे. अॅप्लिकेशन्स, अॅक्सेसरीज, टर्मिनल. त्यात लिहायचं: सुडो, एक मोकळी जागा, पीपीपीओईकॉन्फ, एंटर. या खिडकीत रोमन उमटत नाही, म्हणून दुसरा शब्द सुटा सांगतो: पी पी पी ओ ई सी ओ एन एफ. सगळं जोडून, सगळी लहान अक्षरं. निळा पडदा येईल, विचारेल त्याला 'येस' म्हणत जा. नाव-पासवर्ड मागेल तिथे एक्सपीतलाच द्या. ही आज्ञावली सीडीतूनच येते, उतरवावी लागत नाही.

टर्मिनलवाला | रात्री ९:१५

कशाला त्या बाईंना टर्मिनलमध्ये ढकलताय? मोडेमच राऊटर मोडमध्ये टाका, म्हणजे जोडणी तेच करेल. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, पीपीपीओई निवडा, व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५, नाव, पासवर्ड, सेव्ह, रीबूट. मग संगणकावर लिनक्स असो, एक्सपी असो की पाटीपेन्सिल असो, केबल लावली की नेट चालू. मी चार घरी करून दिलंय.

खिडकीबंद | ९:३०

नाव टर्मिनलवाला आणि सल्ला टर्मिनल टाळायचा! राऊटर मोडमध्ये मोडेम चालू तर नेट चालू. माझ्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ फुकट, बाकी वेळ एमबी मोजतात. आमच्या शेजाऱ्यांनी असंच राऊटर मोड करून घेतलं, संगणक दिवसभर आपले आपण अपडेट उतरवत बसला, महिनाअखेर बिल बघून काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ब्रिज मोडमध्ये तोडलं की तुटतं.

टर्मिनलवाला | ९:४१

मोडेमला मागे बटण असतं. ते दाबलं की बंद होतं. विज्ञानाचा चमत्कार.

मुळामुठा | १०:१०

रात्रीच्या फुकट वेळेवरून आठवलं. माझी लाईन २५६ केबीपीएसची. सहा तासांत, कुठे न अडता, फार तर पावणेसातशे एमबी उतरतात आणि सीडीची फाईल सातशेच्या घरात. आठ वाजता शेवटचे चार घास ताटात राहतात! म्हणून 'डब्ल्यूगेट' वापरतो, पुढे 'उणे सी' लिहिलं की दुसऱ्या रात्री जिथे तुटलं तिथून पुढे उतरवतं. घाई नसेल तर उबुंटूवाले पोस्टाने फुकट सीडी पाठवतात. मला दीड महिन्याने आली, पोस्टमनने परदेशी पाकीट बघून दिवाळी मागितली.

भाषाप्रेमी | १०:३५

विषयांतराबद्दल क्षमस्व. वर एकाने उबुंटू लिहिलं म्हणून सगळे तेच लिहिताहेत. उबंटू म्हणावं का? आणि लिनक्स की लायनक्स? शिवाय 'ऑपरेटिंग सिस्टीम'ला आपण सर्वांनी 'कार्यप्रणाली' वापरायला काय हरकत आहे?

खिडकीबंद | १०:४०

उबुंटू. आफ्रिकेतला शब्द आहे, काढणारा शटलवर्थ दक्षिण आफ्रिकेचा. लिनक्स. कार्यप्रणालीला हरकत नाही, फक्त ती बंद पडली की तोंडातून शिव्या मराठीतच येतात.

देशी_बाणा | १०:५५

परदेशी उबुंटू-बिबुंटू कशाला? आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं बॉस लिनक्स टाका. विद्यापीठाच्या आवारात बनतं, अभिमान बाळगा.

टर्मिनलवाला | ११:०२

सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात, बॉस सी-डॅकच्या चेन्नई केंद्राचं. अभिमान बाळगा, पण पत्ता नीट लिहा. आणि आतून तेही डेबियन लिनक्सच, उबुंटूचं चुलत भावंड.

खिडकीबंद | गुरुवार, ३१ जानेवारी, दुपारी १:१५

शेवंतीताई, झालं का? एवढं लिहिलं, हो-नाही तरी कळवा. इथे लोक 'तातडीचं' म्हणून धागा काढतात आणि काम झालं की गायब.

शेवंती | शुक्रवार, १ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

अहो गुरुवार होता काल. लाईट नव्हते सकाळी दहापासून. आमच्याकडेही नाही आणि कॅफेतही नाही.

तुमची कृती विजेच्या बिलामागे लिहून नेली होती. सुडो लिहिल्यावर पासवर्ड मागितला, पण पासवर्ड टाइपच होत नाही! एक ठिपकासुद्धा उमटत नाही. कळफलक बदलून पाहिला, शेजारून आणून. शेवटी मुलगी म्हणाली, तसाच आंधळा टाक. टाकला. तर म्हणतं 'कमांड नॉट फाउंड'.

खिडकीबंद | ४:१८

पासवर्ड दिसत नसतो तिथे. ठिपकेही नाहीत, म्हणजे मागून बघणाऱ्याला अक्षरं मोजता येत नाहीत. कळफलक परत करा. तुम्ही काय लिहिलंत, एकेक अक्षर सांगा.

शेवंती | ४:२१

पी पी ओ ई सी ओ एन एफ. बिलामागे असंच आहे.

खिडकीबंद | ४:२२

तीन पी. तीन.

नारायणपेठी | ४:३०

एका पी-पायी बुधवारपासून तीन दिवस. एक्सपी टाका म्हटलं होतं.

प्रिंटरग्रस्त | ४:४४

याच धाग्यात विचारतो, नवा काढत नाही. फेडोरा लिनक्सवर माझा प्रिंटर अर्धंच पान छापतो. कुणाला अनुभव?

शेवंती | ६:३०

घरी जाऊन परत आले, रिक्षाचे वेगळे. तीन पी घातले. निळा पडदा आला, 'ईटीएच झिरो' सापडलं म्हणाला, मग बराच वेळ शोधलं आणि शेवटी पलीकडे कुणी उत्तर देत नाही असं काहीतरी लिहून थांबलं. दोनदा केलं. आता मला खरंच रडू येतंय.

टर्मिनलवाला | ६:३८

राऊटर मोड.

खिडकीबंद | ६:४०

लाईन खराब असणार. तक्रार नोंदवा.

पेन्शनर७१ | ६:५५

ताई, नमस्कार. तुम्ही बुधवारी लिहिलंत की चार दिव्यांपैकी तीन लागतात. न लागणाऱ्या दिव्याखाली काय लिहिलंय? आणि मोडेमपासून संगणकापर्यंत येणाऱ्या वायरचं संगणकाकडचं टोक कसं दिसतं, चपटं चौकोनी की फोनसारखं खटका असलेलं?

शेवंती | शनिवार, २ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

काका (काकाच ना?), न लागणारा दिवा 'लॅन'. लागणारे पॉवर, एडीएसएल आणि यूएसबी. टोक चपटं चौकोनी, पेन ड्राइव्ह लावतात तिथे जातं. पहिल्यापासून तेच आहे, जोडणाऱ्या माणसानेच लावून दिलं होतं. हे सांगायचं असतं हे मला काय माहीत?

खिडकीबंद | १०:१२

अरे देवा. यूएसबी! आणि हे पहिल्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

टर्मिनलवाला | १०:१४

'मोडेम कोणतं' एवढं तुम्ही विचारलं होतंत. वायर कोणती, हे नाही.

पेन्शनर७१ | १०:३०

काकाच. दूरसंचारमध्ये तेहतीस वर्षं काढली.

यूएसबीने जोडलं की एक्सपीत मोडेमबरोबरच्या सीडीतला ड्रायव्हर लागतो, तो विंडोजपुरता. लिनक्समध्ये काही मोडेमं यूएसबीवरही चालतात, पण त्या भानगडीत पडू नका. त्याच मोडेमला मागे लॅनचं भोक आहे आणि संगणकालाही असणार, नाहीतर 'ईटीएच झिरो', म्हणजे लॅन कार्ड, दिसलंच नसतं. बिचारा पीपीपीओईकॉन्फ त्या रिकाम्या भोकातून हाका मारत होता, उत्तर कोण देणार? लॅनची वायर लावा. बहुधा मोडेमच्या खोक्यात असेल, जोडणारे ती तशीच ठेवून जातात.

शेवंती | दुपारी १२:२०

खोकं माळ्यावर आहे आणि शिडी वॉचमनकडे, तो जेवायला गेलाय. दरम्यान फोनच्या मागची जास्तीची वायर काढून संगणकाच्या त्या भोकात घातली, छान बसली. दिवा लागला नाही.

पेन्शनर७१ | १२:२४

काढा. आत्ता काढा. फोनची पिन लहान असते म्हणून लॅनच्या भोकात बसते, पण ती वायर वेगळी. फोनची घंटी वाजते तेव्हा त्या तारांतून सत्तर-ऐंशी व्होल्ट येतात, लॅन कार्ड जळेल. बरोबर वायर जाड, तिच्या पारदर्शक पिनेत आठ सोनेरी पट्ट्या दिसतात. फोनच्या पिनेत दोन किंवा चार.

मुळामुठा | १२:४०

फोनवरून आठवलं, डायलअपच्या काळात माझं विनमोडेम लिनक्सवर चालवायला मला तीन महिने लागले होते. त्या मोडेममध्ये अर्धं काम विंडोजचा ड्रायव्हर करायचा, कार्डावर नुसता सांगाडा. लोक म्हणायचे लिनक्स वाईट. तेव्हा मासिकाच्या सीडीवरून रेड हॅट टाकायचो, अप्पा बळवंत चौकात सीडीचं पाकीट फाटलेलं नाही ना बघून अंक घ्यायचो...

प्रिंटरग्रस्त | १२:५५

आठवणी छान. प्रिंटर?

शेवंती | संध्या. ७:४५

घरून लिहितेय! घरून!!

खोक्यात निळी वायर होती, प्लास्टिकच्या पिशवीत, तारेची गाठही न सोडलेली. आठ पट्ट्या मोजल्या. घातल्याबरोबर लॅनचा दिवा लागला, मुलगी ओरडली. मग बिल समोर ठेवून तीन पी. या वेळी पटकन सापडलं, नाव विचारलं, पासवर्ड विचारला, 'येस' 'येस' करत गेले, एक १४५२ असा आकडा आला त्यालाही येस म्हटलं. भाषांतर पाठवलं. काका, तुम्ही पुण्यात असाल तर चहाला या.

खिडकीबंद | ७:५०

अभिनंदन. १४५२ ला येस बरोबर, नाहीतर काही साइट अर्धवट उघडतात.

नारायणपेठी | ७:५८

चार दिवस लागले. नोंद असावी.

शेवंती | ८:२०

एक राहिलं. आमचाही प्लॅन तोच, रात्री २ ते ८ फुकट. मुलीला काहीतरी मोठं उतरवायचंय. आठला आपोआप तुटेल असं करता येतं का? मी तेव्हा ओट्यापाशी असते.

टर्मिनलवाला | ८:३५

मोडेमचं बटण.

खिडकीबंद | ८:४१

येतं. क्रॉनटॅब म्हणजे ठरल्या वेळी करायच्या कामांची यादी. टर्मिनलमध्ये सुडो क्रॉनटॅब उणे ई. क्रॉनटॅबची अक्षरं: सी आर ओ एन टी ए बी. उघडलेल्या फाईलच्या शेवटी एक ओळ: ५५, जागा, ७, जागा, तारका, जागा, तारका, जागा, तारका, जागा, पॉफ, जागा, डीएसएल-प्रोव्हायडर. आकडे इंग्रजीच टाका. पॉफ म्हणजे जोडणी तोडायची आज्ञा, अक्षरं पी ओ एफ एफ, एकच पी! कंट्रोल ओ, एंटर, कंट्रोल एक्स. रोज ७:५५ ला तुटेल. पाच मिनिटं हातची ठेवली आहेत.

पण आधी नुसतं 'डेट' लिहून एंटर मारा आणि घड्याळ बरोबर आहे का बघा. एक्सपी पुसून टाकलेल्या संगणकांवर कधीकधी साडेपाच तासांचा घोळ असतो. लिनक्स आतल्या घड्याळाची वेळ ग्रीनिचची समजतं आणि वर आपले साडेपाच तास मिळवतं.

शेवंती | ८:५०

रविवार, ३ फेब्रुवारी, पहाटेचे दोन वाजून वीस मिनिटं म्हणतंय.