मदत हवी आहे: नाळेच्या रक्तातल्या टी-पेशींची तुलना नक्की कुणाशी करू?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रबंधासाठी नाळेच्या रक्तातल्या टी-पेशींवर (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) काम करते आहे आणि एका जागी गाडी अडली आहे. इम्युनॉलॉजीवाल्यांनी जरा हात द्यावा.

नाळेचं रक्त फायकॉल या जड द्रावावर चढवून सेंट्रिफ्यूज केलं की पांढऱ्या पेशींची मधली रिंग पिपेटने अलगद उचलते. मोठ्यांच्या रक्तात ही रिंग स्वच्छ, दुधी असते. नाळेच्या रक्तात ती गुलाबी येते आणि धुतल्यावर तळाचा पेलेटही लालसरच राहतो. लाल पेशी फोडायचं बफर दोनदा वापरलं, तरी लाली गेली नाही.

पुढे टी-पेशींवरच्या सीडी३ आणि सीडी२८ या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी देऊन पेशी जाग्या केल्या आणि त्या काढतात ते इंटरफेरॉन गॅमा हे संकेत-प्रथिन मोजलं. मोठ्यांच्या नमुन्यात फ्लो सायटोमीटरच्या (पेशी एकेक मोजणाऱ्या यंत्राच्या) प्लॉटवर ठसठशीत ढग, नाळेच्या नमुन्यात मोजून चार ठिपके. मी लिहून टाकलं, ‘नवजात बाळाच्या टी-पेशी दुबळ्या असतात.’ मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले: ‘कोणत्या पेशींपेक्षा?’

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. नाळेतल्या टी-पेशी जवळपास सगळ्याच नाईव्ह, म्हणजे अजून शत्रू न पाहिलेल्या, सीडी४५आरए हा मार्कर असलेल्या. मोठ्यांच्या रक्तात मात्र मेमरी (आधीचा शत्रू लक्षात ठेवलेल्या) पेशींचा भरणा मोठा, आणि इंटरफेरॉन झटपट काढतात त्या मुख्यतः याच. मग मी फक्त अनुभवी आणि कोऱ्या पेशींमधला फरक मोजला का? मोठ्यांच्या नाईव्ह पेशी वेगळ्या काढून तुलना केली तर फरक उरेल का? आणि त्या लालीचं काय करू? नमुने मोजकेच आहेत, एकही वाया घालवायचा नाही.

उत्तर:

मॅडमचा प्रश्न अगदी नेमका आहे. फरक बराच कमी होईल, पण संपणार नाही. नवजाताच्या नाईव्ह सीडी४ (मदतनीस टी-) पेशींत इंटरफेरॉन गॅमाच्या जनुकाच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या भागावर, मिथाइल गटांची कुलुपं मोठ्यांच्या नाईव्ह पेशींपेक्षा जास्त असतात. मुळात त्या पेशींची घडणच वेगळी आहे. गर्भातल्या रक्तमूळपेशींपासून झालेल्या टी-पेशींना परक्या पेशी भेटल्या की त्या नियामक, म्हणजे प्रतिसाद आवरणाऱ्या, टी-पेशी होण्याकडे जास्त झुकतात. आईच्या पेशी वार ओलांडून बाळात येतच असतात, त्यांच्याशी गर्भात लढाई नको. म्हणून ‘दुबळ्या’ हा शब्द कृपा करून काढा. जन्मतः बीसीजी दिली तर हेच बाळ इंटरफेरॉन गॅमाचा चांगला प्रतिसाद देतं. या पेशी इंटरल्युकिन-८ हे दुसरं संकेत-प्रथिनसुद्धा भरपूर काढतात. पॅनेलमध्ये तेही घ्या, चित्र पालटेल.

मोठ्यांच्या पेशी निवडताना नुसत्या सीडी४५आरए वर जाऊ नका. काही जुन्या, मुरलेल्या पेशी तो मार्कर पुन्हा धारण करतात आणि इंटरफेरॉन जोरात काढतात. सोबत सीसीआर७ हा मार्कर लावा, तो नाईव्ह पेशींवर असतो, या मुरलेल्यांवर नसतो. जाग्या झाल्यावर पेशींवरचे हे मार्कर बदलतात, तेव्हा सॉर्टिंग (पेशी वेगळ्या काढणं) आधी, उत्तेजन नंतर. सीडी४ मध्ये सीडी३१ असलेल्या घेतल्यात तर थायमसमधून (टी-पेशी जिथे घडतात त्या ग्रंथीतून) अलीकडे निघालेल्या पेशी जास्त मिळतील, म्हणजे नाळेच्या आणखी जवळची जोडी.

लाली म्हणजे केंद्रक असलेल्या कोवळ्या लाल पेशी. त्या बफरला नीट दाद देत नाहीत आणि लिम्फोसाइटच्या (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पेशींच्या) गेटमध्ये, म्हणजे प्लॉटवर आखलेल्या चौकटीत, घुसतात. नुसतं गेटिंग करून भागणार नाही, कारण त्या आर्जिनेज हे विकर बाळगतात आणि शेजारच्या पेशींना दाबतात. लाल पेशींवरच्या ग्लायकोफोरिन ए ला चिकटणारे चुंबकीय मणी वापरून कल्चरआधीच काढा. शुद्ध टी-पेशीच घ्या, कारण नाळेतल्या डेंड्रिटिक पेशी (टी-पेशींना शत्रू दाखवणाऱ्या) इंटरल्युकिन-१२, म्हणजे टी-पेशींना इंटरफेरॉन काढायला लावणारं प्रथिन, कमी काढतात आणि त्याचा दोष टी-पेशींवर येतो. नाळेच्या प्लाझ्मात पेशींचा प्रतिसाद दाबणारं अॅडिनोसिनही जास्त असतं, तेव्हा दोन्ही बाजूंना सीरम एकाच बाटलीतलं वापरा.

धागाकर्ती:

मनापासून आभार! उत्तर वाचून लगेच उरलेल्या पेलेटचा स्मिअर केला आणि लीशमन रंग दिला. प्रत्येक फील्डमध्ये गोल, गर्द केंद्रकाच्या पेशी दिसल्या, काही ठिकाणी दोन-दोन चिकटून. इतके दिवस मी त्यांना लिम्फोसाइट म्हणून मोजत होते. मणी मागवले आहेत. ‘दुबळ्या’ खोडला. एकच शंका उरली: मण्यांनी काढताना टी-पेशी किती हातच्या जातात? पुढची नाळ येण्याआधी कुणी सांगितलं तर रक्त किती घ्यायचं ते ठरवता येईल.