मुलांची थेरपी करणाऱ्यानेच संशोधनही करावं का?

खडूफळा
माझ्या ज्युनिअरने परवा विचारलं, "ताई, पीएचडी करू की सरळ प्रॅक्टिस?" मी म्हटलं, दोन्ही. तर म्हणाली, "सर म्हणतात दोन डगरींवर पाय ठेवू नकोस." तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. मुलांच्या मानसशास्त्रात या दोन डगरी नव्हत्याच. 1896 मध्ये लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात क्लिनिक काढलं. पहिली केस कोणती? स्पेलिंग जमत नाही म्हणून शिक्षिकेने पाठवलेला मुलगा. विटमरने आधी त्याचे डोळे तपासून घेतले. उपचार आणि शोध एकाच टेबलावर चालू होते. 1949 च्या अमेरिकेतल्या बोल्डर परिषदेत तर ठरलंच, की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वैज्ञानिकही असावा आणि उपचारकही. कागदावर ठरलं, असं म्हणू या.

आता माझी फजिती. चिंतेचा त्रास असलेली मुलं माझ्याकडे छान सुधारतात, अशी माझी पक्की समजूत होती. दोन वर्षांपूर्वी 40 जुन्या फायली काढून बसले. 11 मुलं तिसऱ्या भेटीनंतर आलीच नव्हती, आणि त्यातल्या बऱ्याच फायलींवर माझ्याच अक्षरात "सुधारणा" लिहिलेलं. फोन लावले. एक आई म्हणाली, "अहो, तो तुमच्या खोलीत यायलाच घाबरायचा." भीती घालवायला आलेला मुलगा! मोजलं नसतं तर मी आजही स्वतःवर खूश असते.

अर्धविराम
फायली मोजल्यात हे उत्तम, पण त्याला मी चोख हिशेब म्हणेन. संशोधन म्हणजे कोणाला आत्ता उपचार, कोणाला चार महिन्यांनी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं. आणि ते त्याच माणसाने करायचं, ज्याच्यावर विसंबून ते पोर आलंय?

मी काही वर्षं दोन्ही केलंय. तेरा वर्षांची मुलगी होती. चाळीस मिनिटं गप्प बसून शेवटच्या पाच मिनिटांत वडिलांविषयी बोलली. पहिल्यांदाच. आणि मी काय केलं? "जाण्याआधी एवढा फॉर्म भर हं." मुलांच्या भावना आणि वागणुकीविषयीची पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली, एसडीक्यू. तिने पेन घेतलं आणि मधल्या रकान्यातून, "काही अंशी खरं" वरून, वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली. पुढच्या वेळी आली ती पुन्हा गप्प. गाइडला फॉर्म दाखवला तर म्हणाले, "सगळी उत्तरं आहेत ना? मग धर." धरला. माझ्या प्रबंधात ती रेघ आहे.

शिवाय संमतीचं काय? तीन महिने वेटिंगवर थांबलेली आई थेरपिस्टला तोंडावर "नाही" म्हणेल?

आकडेमोड
अर्धविराम, त्या रेघेने खरंच गलबललं. पण दोष फॉर्म पुढे करण्याच्या वेळेचा होता.

उलट बाजू बघा. मानसशास्त्रज्ञ जॉन वाइस आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं, की विद्यापीठांतल्या अभ्यासांमध्ये मुलांची थेरपी चांगली चालते, पण नेहमीच्या क्लिनिकमध्ये जे चालतं त्याचा परिणाम शोधावा लागतो. 2008 चा कॅम्स अभ्यास घ्या: 7 ते 17 वयाची 488 चिंताग्रस्त मुलं. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी 80.7 टक्के सुधारली, नुसत्या सीबीटीने 59.7, नुसत्या औषधाने 54.9, प्लासिबोने, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीने, 23.7. मोठा, नीट केलेला अभ्यास. पण त्या वेळी तीव्र डिप्रेशन असलेली मुलं त्यात घेतली नव्हती. आपल्यासमोर बसतो तो मुलगा चिंताग्रस्त असतो, उदास असतो, वाचनात मागे असतो, आणि आईबाप कोर्टात भांडत असतात. त्याच्यावर अभ्यास कोण करणार? ज्याच्याकडे तो येतो, तोच ना?

एक_बाबा
मी या क्षेत्रातला नाही. माझी मुलगी एका अभ्यासात होती. फॉर्म भरभरून दिले, पुढे काय निघालं ते कोणी कळवलं नाही. नंतरच्या थेरपिस्ट दर वेळी तिला शून्य ते दहाची शिडी दाखवून आज कुठल्या पायरीवर आहेस विचारायच्या आणि आलेख तिलाच काढायला लावायच्या. तो अजून तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. याला संशोधन म्हणतात का ते तुम्ही ठरवा.

अर्धविराम
@एक_बाबा, ही शिडी मला शंभर टक्के मान्य.

@आकडेमोड, अभ्यास व्हावा, पण उपचार करणारा आणि मोजणारा वेगळा असावा. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बाउल्बीचा 1944 चा लेख आठवा, चोऱ्या करणाऱ्या 44 मुलांचा. त्यातली 14 त्याने "प्रेमशून्य" ठरवली आणि त्यांपैकी 12 लहानपणी आईपासून दीर्घकाळ दुरावलेली निघाली. आकडा डोळे दिपवतो. पण मुलं त्याच्याच क्लिनिकची आणि प्रेमशून्य कोण हे ठरवणाराही तोच. आपलंच नाणं आपणच पारखायचं! आईपासूनचा दुरावा मुलाला घातक ठरतो, हे त्याचं म्हणणं पुढे बरंचसं टिकलं, हा भाग वेगळा.

शंकेखोर
दोघांनाही एक क्षुद्र प्रश्न: वेळ कुठून आणायचा? मुलं शाळा सुटल्यावर येतात, म्हणजे संध्याकाळ गेली. पेपर लिहायचे रात्री. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला अभ्यासाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी कुठली? सिंगल-केस डिझाइन (एकाच मुलाचं उपचाराआधी आणि उपचारादरम्यान मोजत राहणं) सुचवाल, तर शाळेत न जाणाऱ्या मुलाच्या आईला "पहिले दोन आठवडे आपण नुसतं मोजू" असं सांगून बघा.

खडूफळा
@शंकेखोर, सांगितलंय. वैतागली होती. पण मोजताना कळलं, की पोटदुखी फक्त पीटीच्या दिवशी होते. उपचाराची निम्मी दिशा तिथेच मिळाली.

@अर्धविराम, मोजणारा वेगळा असावा, हे पटलं. माझा रोख न मोजण्यावर आहे. मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून अमेरिकेत केंब्रिज-सॉमरव्हिलचा प्रकल्प 1939 ला सुरू झाला. 506 मुलगे, सारख्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या कोणाला मदत द्यायची ते नाणं उडवून ठरवलं. समुपदेशक घरी जात, जीव लावत. तीस वर्षांनी संशोधक जोन मकॉर्डने त्यांना शोधून काढलं, 1978 मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्या अनेकांनी सांगितलं, फार उपयोग झाला. प्रत्यक्षात पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन अशा काही बाबतींत त्यांचीच अवस्था जास्त वाईट. ते नाणं उडवलं नसतं तर सगळे टाळ्या वाजवत घरी गेले असते.

अर्धविराम
हे उदाहरण जड आहे, मान्य. एकच विचारतो, टोमणा नाही. त्या 11 घरी फोन करण्याआधी, "नंतर संपर्क करू का" असं त्यांना कधी विचारलं होतं?

खडूफळा
नाही. फोन लावताना हा प्रश्न मनातही आला नाही, आपल्याच केसेस आहेत असं धरून चालले होते. आता पहिल्या भेटीच्या फॉर्मवर ती ओळ घालतेय.

आणि तुम्ही विचारलंत म्हणून वही काढून पाहिली. आठ जणांनी फोन उचलला होता. सहा आया, दोन बाबा. "मुलाला द्या जरा," असं मी एकदाही म्हटलेलं नाही.