रोथेनबुर्ग म्हणजे नुसता सेट?

पेग्निट्झकाठी
काल वैतागवाडीकरांनी लिहिलं की जर्मनीतलं रोथेनबुर्ग, फ्रान्समधलं कोलमार, ऑस्ट्रियातलं हालश्टाट ही गावं नाहीतच, सिनेमाचे सेट आहेत, आणि युरोपात राहणाऱ्याने डिसेंबरात तिथे जाणं म्हणजे पुण्यात राहून गणपतीत लक्ष्मी रोडवर सेल्फी काढत फिरणं. वाचल्यापासून डोकं फिरलंय. पुण्यात राहून गणपती बघायला न गेलेला माणूस मला दाखवा आधी.

मी जर्मनीत न्यूर्नबर्गला सात वर्षं आहे. पहिल्या वर्षी 24 डिसेंबरला दुपारी अडीचला पिशवी घेऊन खाली उतरलो तर सगळं बंद. 25, 26 सुट्टी. घरात अर्धा कांदा, एक दह्याचा डबा आणि आईने दिलेलं मेतकूट. पेट्रोल पंपावर पाव मिळाला म्हणून वाचलो. ऑफिस थेट 6 जानेवारीनंतर उघडणार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरी फोन केला की आई विचारणार जेवलास का आणि मी सांगणार हो. शेवटी 28 ला सकाळी उठलो, आन्सबाखला गाडी बदलली, श्टाइनाखला परत बदलली आणि त्या छोट्या गाडीने रोथेनबुर्गला उतरलो. नाताळचा बाजार 23 लाच उठलेला. तटबंदीवर लाकडी छपराखालून चालत होतो, भिंतीत दगडी पाट्या बसवल्यात, देणगीदाराचं नाव आणि किती मीटरचे पैसे दिले ते. मधेच जपानी नावं. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर असतात तश्शी. चार दिवसांत पहिल्यांदा हसलो. आता म्हणा सेट.

वैतागवाडीकर
मेतकूट-पाव वाचून गलबलून आलं, रुमाल शोधतोय. पण त्या पाट्या कशाला आहेत ते सोयीस्करपणे गाळलंत. 31 मार्च 1945 ला बॉम्ब पडले, गावाची पूर्वेची बाजू आणि तटबंदीचा मोठा तुकडा खाली आला, मग देणग्या गोळा करून जुन्यासारखं बांधलं. म्हणजे तुम्ही चाललात ते मध्ययुग माझ्या वडिलांपेक्षा वयाने लहान आहे.

हालश्टाटचं तर विचारूच नका. हजारसुद्धा वस्ती नाही आणि हंगामात दिवसाला 10,000 पर्यंत माणसं. 2023 मध्ये गावाने वैतागून सेल्फीच्या जागेसमोर लाकडी कुंपण घातलं होतं. चीनने 2012 ला अख्ख्या गावाची नक्कल उभी केली, तिकडे जा की, सेटच बघायचाय तर.

आणि खरं सांगू का, दर डिसेंबरला माझ्याकडे कोणी ना कोणी येतं. थर्मल माझे, तिकिटं मी काढायची, खिचडी मी टाकायची. रजा 25 नंतरची म्हणून येणार 26 ला, आणि न्यूर्नबर्गच्या चौकात उभं राहून मलाच विचारणार, "बाजार कुठे गेला?" अरे 24 ला संपला बाबांनो! जसा काही मी गुंडाळून माळ्यावर टाकलाय.

शेवयांची खीर
पाहुण्यांबद्दल दोनशे टक्के सहमत 😄 आमच्याकडे आलेल्या एकांनी तो श्नेबाल (रोथेनबुर्गचा तळलेला गोड गोळा) अर्धा खाऊन "चिरोटा बिघडलाय" म्हणून परत दिला. (बिघडलेलाच लागतो तो, त्यांची चूक नाही.)

पण बाजारात मजा असते हो. आमचा नेम आहे, दर वर्षी एका नव्या गावचा बाजार आणि तिथला ग्लूवाइनचा (गरम मसालेदार वाइन) एक मग घरी. 19 झाले. कपाटात ओळीने लावलेत.

उंटावरचा शहाणा
19 मग विकत घेतले की "राहिले"?

शेवयांची खीर
मगाचं डिपॉझिट सोडलं, मग परत नाही दिले. चार-पाच युरो प्रत्येकी. म्हणजे घेतलेच ना.

उंटावरचा शहाणा
अनामत आणि किंमत यात फरक असतो. अनामत परत आणण्यासाठी घेतात. घरमालकाकडे तीन महिन्यांचं भाडं अनामत ठेवता म्हणून घर सोडताना त्याचं स्वयंपाकघर उचकटून नेता का? अशाने आपल्या लोकांचं नाव खराब होतं इथे.

शेवयांची खीर
"आपल्या लोकांचं नाव" माझ्या मगांनी खराब होतंय? माझ्या पुढे उभ्या असलेल्या जर्मन बाईने चार मग सरळ पिशवीत घातले, वर्तमानपत्रात गुंडाळून, घरून आणलं होतं वर्तमानपत्र! मगावर वर्ष छापतात ते काय टाळ्या वाजवायला? स्टॉलवाल्यांना माहीत असतं लोक नेतात. तुम्ही स्वतः कधी प्यायला आहात का बाजारात, की नुसते उंटावरूनच बघता?

कोथरूडची मावशी
मुलीकडे श्टुटगार्टला तीन महिने होते, म्हणून बोलते. आमच्या वाटीवर सासूबाईंचं नाव आणि साल घातलंय. ती शेजारणीकडे कढीबरोबर गेली तरी वाटी आमचीच. ज्याचं नाव त्याचं भांडं. मगावर गावाचं नाव आहे ना, मग तो गावाचा. मुलीलाही हेच सांगितलं, तिने ऐकलं नाही, सहा आहेत तिच्याकडे. चहाला बरे पडतात पण.

उंटावरचा शहाणा
मावशींनी दोन ओळींत संपवलं.

शेवयांची खीर
शेवटची ओळ वाचली नाहीत वाटतं.

पेग्निट्झकाठी
अहो मंडळी, मग ठेवा बाजूला. वैतागवाडीकर, गाव पडलं आणि परत बांधलं म्हणून खोटं? मग मी राहतो ते न्यूर्नबर्गही खोटं, तिथलं जुनं शहर जानेवारी 1945 मध्ये जवळजवळ सगळं गेलं होतं. तो सेट नाही, तिथे माणसं कचरा वेगळा करतात आणि रविवारी ड्रिल लावलं तर खाली येऊन भांडतात.

माझ्या पोस्टनंतरची गोष्ट राहिली. पुढच्या वर्षी 24 ला वरच्या मजल्यावरच्या आजींनी बोलावलं. सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड, त्यांच्याकडे त्या रात्री एवढंच करतात. मी शाकाहारी, म्हणून नुसतं सॅलड दोनदा घेतलं. दर वर्षी जातो आता. पण ती पहिली चार दिवसांची सुट्टी रोथेनबुर्गने काढली, हे काही केल्या विसरणार नाही.

उंटावरचा शहाणा
बव्हेरियात त्या सॅलडमध्ये मेयो नसतं, गरम रस्सा ओततात. बहुतेक मांसाचा. सहज सांगितलं.

पेग्निट्झकाठी
सहा वर्षं खातोय मी ते.

कोथरूडची मावशी
आता विचारू नकोस त्यांना. म्हातारीला वाईट वाटेल.

शेवयांची खीर
आणि मी म्हणे चोर 😂

वैतागवाडीकर
ठीक आहे, बाजार उठल्यावरचं रोथेनबुर्ग, तेही हंगामातल्या गर्दीशिवाय, एवढ्यापुरतं मागे घेतो. हालश्टाटचं नाही. यंदा मेव्हणा सहकुटुंब 27 ला टपकतोय, दोन लहान पोरं आणि सासूबाई. श्टाइनाखला गाडी बदलायला वेळ किती मिळतो, आणि फलाटावर लिफ्ट आहे का तेवढं सांगा.