फ्राइडला सातव्या इनिंगमध्ये काढले ते योग्य होते का?

हडसनकाठ :

नमस्कार मंडळी. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाच्या एका निर्णयाबद्दल इथल्या जाणकारांचे मत हवे आहे. प्रश्न मुद्दाम एवढाच ठेवतो आहे, नाहीतर चर्चा नेहमीप्रमाणे तिकिटांच्या दरांवर जाऊन थांबते.

३० सप्टेंबर २०२५ रोजी यँकी स्टेडियमवर बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध वाइल्ड कार्ड मालिकेचा, म्हणजे बाद फेरीच्या पहिल्या टप्प्याचा, पहिला सामना झाला. अँथनी व्होल्पीच्या होम रनमुळे आपण १-० ने पुढे होतो आणि आपला पिचर (गोलंदाज) मॅक्स फ्राइडने तोवर एकही धाव दिलेली नव्हती. सातव्या इनिंगमध्ये त्याने जॅरन डुरानला बाद केले, त्याचे १०२ चेंडू झाले आणि मॅनेजर ॲरन बून यांनी चेंडू ल्यूक वीव्हरच्या हाती दिला. वीव्हरने सेडान राफेलाविरुद्ध दोन स्ट्राइक झटपट मिळवले (तिसऱ्याला फलंदाज बाद होतो), पण राफेला एकेक चेंडू फाउल करत राहिला आणि अकराव्या चेंडूवर वॉक घेऊन, म्हणजे चार चेंडू टप्प्याबाहेर पडल्यामुळे फुकटात, पहिल्या बेसवर गेला. मग निक सोगार्डने डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारला, आणि बदली फलंदाज मासाताका योशिदाने पहिल्याच चेंडूवर सिंगल (एका बेसचा फटका) मारून दोन धावा आणल्या. वीव्हरला तिघांपैकी एकही बाद करता आला नाही. सामना आपण ३-१ ने हरलो.

स्टार्टरला, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरला, लवकर काढण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. मात्र त्या दिवशी फ्राइड अडचणीत नव्हता, बेस रिकामे होते, आणि ज्याच्यावर भिस्त ठेवली त्या वीव्हरचा सप्टेंबर काही भरवशाचा गेला नव्हता. दोष मॅनेजरच्या निर्णयाला द्यावा, की ज्या रोस्टरमुळे (संघातल्या खेळाडूंच्या यादीमुळे) त्याच्यापुढे असेच पर्याय उरले त्या रोस्टरला द्यावा, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

गणकयंत्र :

हडसनकाठ, आपण मांडणी चांगली केली आहे, पण निर्णय आणि निकाल यांत गल्लत होऊ देऊ नये असे मला वाटते.

फलंदाज एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जातो तेव्हा त्याचे आकडे सुधारतात, ही गोष्ट बेसबॉलमध्ये फार पूर्वीच सिद्ध झाली आहे. पिचर थकतो हे एक कारण आहे, पण त्याहून मोठे कारण असे की फलंदाजाने त्याचा प्रत्येक चेंडू, त्याचा वेग आणि वळण त्या दिवशी दोनदा पाहिलेले असते. फ्राइडने १०२ चेंडू टाकले होते आणि तिसरी फेरी सुरू होती. टँपा बेचे मॅनेजर केव्हिन कॅश यांनी २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात स्टार्टर ब्लेक स्नेलला काढले, त्या वेळी त्याचे फक्त ७३ चेंडू झाले होते, त्याने ९ जणांना स्ट्राइकआऊट केले होते आणि संघ १-० ने पुढे होता. तो निर्णय मलाही पटला नव्हता, कारण तिथे आकडेवारीच्या तक्त्यावरचा नियम डोळ्यांसमोरच्या खेळापेक्षा मोठा ठरला. फ्राइडची गोष्ट तशी नव्हती. त्याच्याकडून जे काम हवे होते ते त्याने जवळपास पूर्ण केले होते.

उलट बाजूचे उदाहरण तर यँकीजच्या चाहत्यांना सांगायलाच नको. २००३ च्या अमेरिकन लीग अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात बॉस्टनचे मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी ५-२ अशी आघाडी असताना पेद्रो मार्टिनेझला आठव्या इनिंगमध्ये ठेवले, त्याचे १२३ चेंडू झाले आणि यँकीजने बरोबरी साधली. अकराव्या इनिंगमध्ये टिम वेकफिल्डला होम रन मारून तो सामना कोणी जिंकून दिला? ॲरन बून यांनीच. थकलेल्या स्टार्टरला एक फलंदाज जास्त दिला तर काय होते, याचा लाभ ज्याने स्वतः घेतला आहे, तो माणूस मॅनेजर झाल्यावर बुलपेनकडे, म्हणजे राखीव पिचरांकडे, जरा लवकर हात करतो यात मला तरी नवल वाटत नाही.

चार्ल्सनदी :

मी रेड सॉक्सचा आहे, तेव्हा माझ्या मताला जेवढी किंमत द्यायची तेवढीच द्यावी. पण आमच्या बाजूने तो क्षण कसा दिसला ते सांगतो, कारण वरच्या दोन्ही मतांत एक गोष्ट सुटली आहे.

फ्राइड डावखुरा आहे, म्हणून आमचे मॅनेजर ॲलेक्स कोरा यांनी रॉब रेफस्नायडरला, म्हणजे डावखुऱ्यांना चांगले खेळणाऱ्या उजव्या फलंदाजाला, सुरुवातीपासून खेळवले होते आणि डावखुऱ्या योशिदाला बाकावर राखून ठेवले होते. फ्राइड मैदानात असेतो योशिदाला उतरवणे फारसे फायद्याचे नव्हते. बून यांनी उजव्या हाताचा वीव्हर आणला आणि कोरा यांना हवे होते ते दार आपणच उघडून दिले. वीव्हरचा चेंजअप (फसवा, संथ चेंडू) डावखुऱ्या फलंदाजांविरुद्ध चांगला चालतो, त्यामुळे बून यांचा हिशेब अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. शिवाय २०२० पासून असा नियम आहे की नव्याने आलेल्या पिचरने इनिंग संपेपर्यंत किंवा निदान तीन फलंदाजांपर्यंत टाकायलाच हवे. राफेला, सोगार्ड आणि योशिदा हे नेमके ते तिघे. राफेलाला वॉक दिला तेव्हाच वीव्हरचा हात बसलेला नाही हे सगळ्या स्टेडियमला दिसत होते, पण त्याला काढण्याची मुभा बून यांच्याकडे उरली नव्हती. क्रिकेटमध्ये एका षटकानंतर बाजूला केलेला गोलंदाज संध्याकाळी पुन्हा आणता येतो. इथे फ्राइड गेला तो गेलाच.

आणि जाता जाता एवढेच, की आम्ही त्या रात्री दोनच पिचर वापरले. गॅरेट क्रोशेने ११७ चेंडू टाकले आणि शेवटचे चार बळी अरोल्डिस चॅपमनने घेतले. चॅपमनने नवव्या इनिंगमध्ये सलग तीन सिंगल देऊन बेस भरवले तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता, हे मान्य करतो.

ब्रॉन्क्सकर :

मूळ प्रश्न निर्णय की रोस्टर असा आहे, आणि माझे उत्तर नि:संशय रोस्टर असे आहे. २०२५ मध्ये यँकीजच्या पिचिंगचे काय झाले ते क्रमाने पाहिले म्हणजे बून यांच्या हातात कोणती पाने होती ते कळते.

मार्चमध्ये स्टार्टर गेरिट कोलच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (स्नायुबंध बदलण्याची) झाली आणि त्याचा पूर्ण मोसम गेला. दुसरा स्टार्टर लुइस हील दुखापतीमुळे ऑगस्टपर्यंत आलाच नाही. जुलैमध्ये आणखी एक स्टार्टर क्लार्क श्मिटवरही तीच शस्त्रक्रिया झाली. स्टार्टर तरीही टिकले, कारण आठ वर्षांसाठी २१ कोटी ८० लाख डॉलर देऊन आणलेल्या फ्राइडने १९ विजय मिळवले आणि कार्लोस रोडोनने १८. पडझड झाली ती बुलपेनची. मिलवॉकीकडून डेव्हिन विल्यम्सला क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर, म्हणून आणले, त्याच्या बदल्यात नेस्टर कोर्तेस आणि केलेब डर्बिन दिले, आणि एप्रिल संपायच्या आत त्याच्याकडून ते काम काढून घ्यावे लागले. मग वीव्हर क्लोजर झाला. जुलैअखेर जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन यांनी डेव्हिड बेडनार, कमिलो डोव्हाल आणि जेक बर्ड असे तीन रिलीफ (राखीव) पिचर एकदम आणले. लगेच दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, मायामीत तिघेही मैदानात उतरले, हाती आलेली आघाडी गेली आणि सामना १३-१२ ने हरलो. बेडनार पुढे खणखणीत निघाला, बर्डची मात्र काही दिवसांतच खालच्या लीगमध्ये रवानगी झाली.

२६ जणांच्या रोस्टरमध्ये जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. त्यातले निम्मे ‘आज कसा टाकेल कोण जाणे’ या वर्गातले असतील, तर सातव्या इनिंगमध्ये मॅनेजर कोणालाही आणो, ती सोडतच असते. बेडनारला सातव्यात आणले असते तर नववी कोणी टाकायची? बून यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण कॅशमन १९९८ पासून त्या खुर्चीत आहेत आणि बुलपेन दरवर्षी जुलैअखेरच्या खेळाडू-अदलाबदलीच्या बाजारातून भरून काढण्याची ही सवय त्यांची आहे.

हडसनकाठ :

तिघांचेही आभार. तीन फलंदाजांचा नियम आणि योशिदा यांचा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता.

ब्रॉन्क्सकर, आपले रोस्टरचे निदान मला बरेचसे पटते, तरी मॅनेजरला पूर्ण मोकळे सोडायला मी तयार नाही, आणि त्याचे कारण २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना हे आहे. तिथे चांगला पर्याय हाताशी होता. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये आपण ३-२ ने पुढे होतो. कोलला त्याआधी सातव्या इनिंगमध्ये ८८ चेंडूंवर काढले होते, ते एक वेळ बाजूला ठेवू. आपल्या जेक कझिन्सने एक बाद केल्यावर दोन फलंदाज बेसवर गेले आणि समोर शोहेई ओहतानी आला. डावखुरा टिम हिल तयार होता, जो त्या ऑक्टोबरात नियमित टाकत होता आणि ज्याच्या बाजूने येणाऱ्या चेंडूवर फलंदाज बहुधा जमिनीवर चेंडू मारतात. एक बाद आणि दोन बेसवर असताना डबल प्लेसाठी (एकाच चेंडूवर दोघांना बाद करण्यासाठी) याहून वेगळे काय हवे असते? त्याच्याऐवजी आणले कोर्तेसला, जो कोपराच्या दुखापतीमुळे १८ सप्टेंबरनंतर एकाही सामन्यात खेळला नव्हता. त्याच्या पहिल्या चेंडूवर ओहतानीचा झेल आपल्या ॲलेक्स व्हर्दूगोने पकडला, पण तो कठड्यावरून प्रेक्षकांत पडल्यामुळे दोन्ही धावपटूंना एकेक बेस पुढे मिळाला. मूकी बेट्सला मुद्दाम वॉक दिला, आणि दुसऱ्या चेंडूवर फ्रेडी फ्रीमनचा ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असतानाचा होम रन, उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत जाऊन पडला. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात ग्रँड स्लॅमने संपलेला हा पहिलाच सामना. कोर्तेसने टाकलेले चेंडू दोन.

हा निर्णय निकाल कळण्याआधीही चुकीचा होता असे माझे म्हणणे आहे, आणि गणकयंत्र यांच्या कसोटीवरही तो टिकत नाही, कारण महिनाभर न खेळलेल्या पिचरच्या बाजूने बोलणारा कोणताही तक्ता असू शकत नाही.

गणकयंत्र :

कोर्तेसच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे. ओहतानीविरुद्ध डावखुरा हवा हे ठीक, पण तो हिल असायला हवा होता.

मात्र यावरून ‘स्टार्टरला ठेवा म्हणजे जिंकाल’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच रेड सॉक्स मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात कॅम श्लिटलरने, म्हणजे जुलैमध्ये पदार्पण केलेल्या पोराने, आठ इनिंगमध्ये १२ स्ट्राइकआऊट घेतले, एकही वॉक दिला नाही आणि बून यांनी त्याला १०७ चेंडू टाकू दिले. आपण ४-० ने जिंकलो. पण सहाच दिवसांनी टोरोंटो ब्लू जेजविरुद्धच्या पुढच्या मालिकेतल्या चौथ्या सामन्यात हाच श्लिटलर सातव्या इनिंगपर्यंत गेला आणि समोर ब्लू जेज आठ पिचर वापरून तुकड्यातुकड्याने सामना ओढत होते. जिंकले ते, ५-२ ने. आपल्या जॅझ चिझमच्या हातून चेंडू सुटला आणि मग विल्यम्सवर नेथन ल्यूक्सने दोन धावा आणल्या. ब्लू जेजच्या आठ जणांपैकी प्रत्येकाला आपले दोन-चार फलंदाज कोणते हे आधीच ठाऊक होते, असे निदान बघताना तरी वाटत होते. आपल्याकडे ती घडी बसलेली मी पाहिली नाही.

ब्रॉन्क्सकर :

ती घडी आता नव्याने बसवावी लागणार आहे, कारण वीव्हर आणि विल्यम्स दोघेही डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाकडे, मेट्सकडे, गेले. नववी इनिंग बेडनारची हे ठरलेले आहे. सातवी आणि आठवी कोणाची, याचे उत्तर डोव्हालच्या वॉकच्या आकड्यावर अवलंबून राहील, आणि तो आकडा उतरला नाही तर जुलैअखेर कॅशमन पुन्हा त्याच बाजारात दिसतील.