कंटेनरवर नव्याने रुजू होताना पगार कसा ठरवावा?

प्रश्न (कळंबोली): माझ्या धाकट्या भावाला अवजड वाहनाचा परवाना नुकताच मिळाला असून, न्हावा शेवा बंदरातून दिल्लीकडे कंटेनर नेणाऱ्या एका मालकाने त्याला ठरावीक पगाराऐवजी खेपेमागे रक्कम देऊ केली आहे. ती स्वीकारावी का?

उत्तर (तुर्भे): खेपेचा दर ऐकायला मोठा वाटतो, परंतु बंदराच्या दारात किंवा गोदामात गाडी अडकून पडली की महिन्यातील खेपा घटतात आणि थांबलेल्या वेळेचे पैसे चालकाला मिळतातच असे नाही. म्हणून मूळ पगार, थांबल्याचा भत्ता, तसेच टोल, डिझेल आणि वाटेतील दंड कोणी भरायचा, हे आधीच लिहून घ्यावे. उचल शक्यतो घेऊच नये, कारण ती फिटेपर्यंत मालक बदलणे अवघड होते.

उत्तर (ठाणे): पैशांइतकाच झोपेचाही विचार व्हावा. जोडीला दुसरा चालक आहे का, हे विचारा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे आहे; मे महिन्यात जुन्या गाडीतून राजस्थान ओलांडायचे असेल, तर खेपेचा दर त्या हिशेबाने मागावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. भावाने आज विचारले. थांबल्याचा भत्ता लेखी द्यायला मालक तयार नाहीत.