मदत हवी आहे : पोलीस भरतीसाठी बहिणीची मुंबईत राहण्याची सोय

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्याचे. धाकट्या बहिणीने मुंबई पोलीस शिपाई पदाचा फॉर्म भरलाय. मैदानी चाचणीच्या (धावणे, गोळाफेक) आधी महिनाभर तिकडंच राहून सराव करायचं तिच्या मनात आहे, आणि मला ते पटतंय. पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ ती न थांबता पळत चढते, पण मुंबईच्या दमट हवेत ८०० मीटरला दम लागला तर? २० गुण त्याचेच आहेत. १०० मीटरची काळजी नाही. ४ किलोचा गोळा मात्र अजून जमत नाही, सोडताना कोपर खाली पडतं.

दादर, नायगाव किंवा मरोळच्या बाजूला मुलींसाठी खात्रीचं वसतिगृह किंवा पीजी कुणाला माहीत आहे का? जेवणासकट महिन्याला किती धरावे? कोयना एक्सप्रेसने दादरला उतरेल, त्यामुळे तिथून जवळ असलं तर उत्तम. पहाटे मुली बिनधास्त पळू शकतील असं मैदान कुठलं? गोळाफेक नीट शिकवणारं कुणी आहे का?

लेखीचं ती बघते. आई मात्र एकटीला पाठवायला तयार नाही. गावाकडून जाऊन तिथं भरती झालेली एखादी ताई आईशी फोनवर बोलली तर फार उपकार होतील.